वरातीतला ‘डीजे’ आणि सनबर्नचा डीजे: नाव एकच, काम वेगळं

लग्नसराई सुरू झाली की गावात हमखास विचारलं जातं, “डीजे कुणाचा सांगितलाय?” उत्तरात गाडीचं नाव येतं, बेस किती, टॉप किती, जनरेटर केवढा, शार्पी लाईट आहेत का, हे सगळं येतं. वाजवणारा कोण, हे मात्र कुणी विचारत नाही. आपल्याकडे डीजे म्हणजे पिकअप किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली पेट्यांची भिंत.

दुसरीकडे मोबाईलवर रील दिसतात. मोठं मैदान, हजारो पोरं, डोळे दिपवणारे लाईट आणि स्टेजवर टेबलामागे हेडफोन लावून उभा एकच माणूस. त्यालाही डीजेच म्हणतात. ना तो गातो, ना ढोल बडवतो. गाणी आधीच रेकॉर्ड केलेली. मग हजारो रुपयांचं तिकीट काढून लोक बघायला काय जातात? पारावर हा प्रश्न बऱ्याचदा निघतो आणि “बटणं दाबतो नुसता” या उत्तरावर संपतो. उत्तर अगदीच चुकीचं नाही, पण अर्धवट आहे.

डीजे म्हणजे माणूस

डीजे हे ‘डिस्क जॉकी’चं छोटं रूप. डिस्क म्हणजे गाण्याची तबकडी आणि जॉकी म्हणजे शर्यतीत घोडा पळवणारा स्वार. म्हणजे तबकड्यांवर स्वार होऊन गाणी पळवणारा माणूस. हा शब्द आपल्याकडे आला आणि माणूस गळून पेट्याच उरल्या.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे तर याच पेट्यांना ‘डॉल्बी’ म्हणतात. त्याची गंमत आणखी वेगळी. डॉल्बी ही रे डॉल्बी यांनी 1965 मध्ये सुरू केलेली कंपनी. तिचं पहिलं नाव झालं ते टेपमधली खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. नको असलेला आवाज घालवणाऱ्याचं नाव आपण खिडक्या हादरवणाऱ्या यंत्राला दिलं.

शिकागोचं गोदाम आणि मुंबईचे चरणजीत सिंग

आजच्या इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकची, म्हणजे ईडीएमची, एक मोठी मुळी अमेरिकेतल्या शिकागो शहरात आहे. तिथे 1977 मध्ये ‘वेअरहाऊस’ नावाचा क्लब सुरू झाला. वेअरहाऊस म्हणजे गोदाम. फ्रँकी नकल्स हा डीजे तिथे रात्रभर गाणी लावायचा. एक गाणं संपून दुसरं सुरू होताना नाचणाऱ्याचा पाय थांबू नये, यासाठी तो दोन तबकड्या एकमेकींत मिसळायचा. या क्लबच्या नावावरूनच त्या संगीताला ‘हाऊस’ म्हणू लागले, असं मानलं जातं.

त्याच सुमारास जपानच्या रोलँड कंपनीने दोन यंत्रं काढली. टीआर-808 हे ढोल-ताशाच्या जागी ठेका देणारं, तर टीबी-303 हे बेस गिटारच्या जागी खालचा सूर देणारं. 303 बाजारात साफ पडलं. खऱ्या गिटारसारखा त्याचा आवाजच येत नव्हता. मग सेकंडहँड, पडत्या भावात ते शिकागोच्या पोरांच्या हाती लागलं. त्यांनी त्याची बटणं फिरवून चिरका, वळवळणारा आवाज काढला आणि 1987 च्या सुमारास ‘अॅसिड हाऊस’ म्हणून तो गाजला.

पण ही दोन्ही यंत्रं त्याआधीच मुंबईत एकत्र वाजली होती. हिंदी सिनेमाच्या गाण्यांसाठी वाजवणारे वादक चरणजीत सिंग यांनी 1982 मध्ये एक रेकॉर्ड केली. दहा राग, खाली डिस्कोचा ठेका. भैरवी, ललित, यमन, मालकंस हे सगळं 808 आणि 303 च्या साथीने. तेव्हा ती कुणी फारशी विकत घेतली नाही. पुढे एका डच संग्राहकाला ती सापडली, 2010 मध्ये नव्याने निघाली आणि जगभरातले जाणकार थक्क झाले. शिकागोच्या पाच वर्षं आधी हे मुंबईत कसं काय झालं? चरणजीत सिंग यांना शेवटची काही वर्षं परदेशात बोलावणी आली. 2015 मध्ये ते गेले. त्यांचं नाव मात्र आजही आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे.

बटणं दाबतो म्हणजे नेमकं काय करतो?

प्रत्येक गाण्याला वेग असतो. मिनिटाला किती ठोके पडतात त्यावर तो मोजतात आणि त्याला बीपीएम म्हणतात. हाऊस संगीत साधारण 120 ते 130 ठोक्यांचं, ट्रान्स त्याहून जलद. ठेका सरळ असतो. धम, धम, धम, धम, प्रत्येक मात्रेला एक ठोका. लेझीम खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

डीजेच्या हेडफोनमध्ये पुढचं गाणं आधीच वाजत असतं, ते गर्दीला ऐकू येत नाही. तो त्याचा वेग चालू गाण्याशी जुळवतो, ठोक्यावर ठोका बसवतो. मग पहिल्याचा बेस हळूहळू उतरवतो आणि दुसऱ्याचा चढवतो. दोन्ही बेस एकदम वाजले तर नुसता गोंगाट होतो. आता वेग जुळवायचं काम मशीनही करतं. पण कोणतं गाणं, कोणत्या क्षणी, समोरची गर्दी दमलीय की पेटलीय, हे ओळखणं माणसालाच जमतं. तमाशातला ढोलकीवाला फडावरची नजर ओळखून ढोलकी चढवतो, तसंच हे.

खरी कळ पुढे आहे. गाण्यात एक जागा येते, तिथे बेस पूर्ण काढून घेतात. ठेका गायब होतो. बारीक आवाज चढत जातो, टाळ्या जलद होतात, हात वर जातात. मग क्षणभर शांतता. आणि एकदम बेस परत येतो. याला ‘ड्रॉप’ म्हणतात. अख्खं मैदान उडी मारतं ते याच क्षणी. आवाजाचं बटण तेवढंच असतं, फरक आधीच्या त्या शांततेने पडतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत फुल्ल आवाज ठेवला तर दहा मिनिटांत कान बधिर होतो आणि बेस कितीही वाढवा, अंगात शिरत नाही. शेजारच्या गाडीपेक्षा आपला आवाज मोठा, या चढाओढीत आपल्याकडच्या ऑपरेटरांची हीच गोष्ट सुटते.

नाचाच्या नेमकं उलटंही एक संगीत आहे. त्याला अँबियंट म्हणतात. ठेका जवळजवळ नाहीच, तंबोऱ्यासारखा लांबलचक सूर, त्यात पाऊस, लाटा. ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराने 1978 मध्ये विमानतळासाठी म्हणून असं संगीत केलं आणि हे नाव रूढ झालं. पुढे 1989 च्या सुमारास लंडनच्या क्लबमध्ये एक खोली वेगळी ठेवू लागले. नाचून दमलेल्यांनी तिथे येऊन टेकायचं आणि डीजेने अँबियंट लावायचं. यूट्यूबवर झोपेसाठी, अभ्यासासाठी म्हणून तासन् तासाचे जे मिक्स सापडतात, ते याच घराण्यातले.

हणजुण्यापासून लवळ्यापर्यंत

भारतात हा नाच आधी पोचला तो गोव्याच्या किनाऱ्यावर. 1970 च्या दशकात हणजुण्याला हिप्पी येऊन राहिले. सुरुवातीला रॉक वाजायचं, 1980 च्या दशकात इलेक्ट्रॉनिक संगीत आलं. उन्हात आणि दमट हवेत तबकड्या वाकायच्या, म्हणून तिथले डीजे टेपवर गाणी लावायचे. त्यातून ‘गोवा ट्रान्स’ नावाचा प्रकारच तयार झाला आणि 1990 च्या दशकात युरोप, इस्रायलपर्यंत गेला. एका भारतीय किनाऱ्याच्या नावाने जगात संगीत ओळखलं जातं, ही साधी गोष्ट नाही. त्या पार्ट्यांत नशेचे पदार्थही होते आणि आजही मोठ्या फेस्टिव्हलवर तो आरोप होतच असतो.

सनबर्न फेस्टिव्हल 2007 मध्ये गोव्यात कांदोळीला सुरू झाला. 2016 मध्ये तो पुणे जिल्ह्यात आला, हवेली तालुक्यातल्या केसनंदला. नंतरची दोन वर्षं मुळशी तालुक्यातल्या लवळ्यात झाला. मग परत गोव्यात वागातोरला आणि 2024 मध्ये पेडणे तालुक्यातल्या धारगळला. ही सगळी नावं नीट बघा. शहरातल्या पोरांचा हा सोहळा होतो गावाच्या हद्दीत. त्यामुळे परवानगीचा कागद ग्रामपंचायतीपुढे येतो, विरोध होतो, प्रकरण कोर्टात जातं. धारगळला तेच झालं. वाहनतळाचं भाडं, खानावळी, रोजंदारी एका बाजूला आणि आवाज, ट्रॅफिक, कचरा दुसऱ्या बाजूला. ज्याचं घर मैदानाला लागून, त्याला भाडं मिळतंच असं नाही, आवाज मात्र मिळतो.

मैदानातला आवाज आणि गल्लीतला आवाज

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधं बोलणं 60 च्या आसपास. हे आकडे मात्र फसवे असतात. 10 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. निवासी भागाची दिवसाची मर्यादा 55 आहे आणि पेट्यांची भिंत 105 वर गेली, तर फरक पन्नासचा दिसतो, ऊर्जा मात्र एक लाख पट झालेली असते.

मोकळ्या रानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. दहा मीटरवर 100 असेल तर वीस मीटरवर 94, चाळीसवर 88, आणि तीनशे वीस मीटरवर जाऊनही 70. हे रानातलं झालं. गल्लीत दोन्ही बाजूंना भिंती, वर पत्रा. तिथे आवाज आपटून परत येतो, इतका उतरत नाही. त्यात बेस तर कुणाला आवरत नाही. त्याची एकेक लाट सहा-सात मीटर लांब असते. दार-खिडकी लावून टॉपचा आवाज अडतो, बेस अडत नाही. छातीत धडधडतं, ताटं वाजतात ती यामुळेच.

मोठ्या फेस्टिव्हलमध्ये पेट्या वर टांगतात, जरा वाकवून. प्रत्येक पेटी ठरावीक अंतरावरच्या गर्दीकडे तोंड करून असते. काही बेस मुद्दाम उलटे ठेवतात, म्हणजे मागच्या बाजूला जाणारा आवाज एकमेकांना मारतो. मैदानाच्या मध्ये साऊंड इंजिनिअर मीटर घेऊन बसलेला असतो. एवढं करूनही शेजारच्या गावाला त्रास होतोच. आपल्याकडे तर मीटरच नसतो. मोबाईलवर आवाज मोजायचं अॅप फुकट मिळतं. त्याचा आकडा कोर्टात चालणार नाही, पण अंदाज येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास ऐकलेला चालतो. 90 असेल तर आठवड्याला 4 तास आणि 100 असेल तर जेमतेम 20 मिनिटं. 20 मिनिटांत आपली वरात मारुतीच्या देवळापर्यंतही पोचत नाही. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर कानाला मार बसलाय असं समजायचं. आतल्या बारीक पेशी मेल्या की परत उगवत नाहीत. पाहुणे घरी जातात, पण सीझनभर रोज पेट्यांजवळ उभा राहणारा ऑपरेटर आणि त्याची पोरं, त्यांचं काय? मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग स्वस्तात मिळतात. परदेशातले नामांकित डीजे ते घालून काम करतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लहान लेकरू खांद्यावर घेऊन पेटीसमोर नाचणं तर टाळाच. लेझर लाईट थेट डोळ्यांत जाऊ देऊ नका, त्याने डोळ्याच्या पडद्याला इजा होते.

रात्री दहानंतर

2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सण-उत्सवांसाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. ही सूट लग्नाच्या वरातीला नाही. दिवसाही लेखी परवानगी लागते. परवानगी मिळाली तरी कितीही वाजवा असं होत नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज 75 डेसिबलच्या वर जायला नको, निवासी भागात त्याहूनही कमी. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवती 100 मीटर शांतता क्षेत्र. त्रास झाला तर 112 वर तक्रार करता येते. सनबर्नचं स्टेजही याच नियमामुळे दुपारीच सुरू होतं आणि रात्री दहाला बंद होतं.

दक्षिण गोव्यात पाळोळ्याला या नियमातून वेगळीच वाट काढली. दहा वाजता पेट्या बंद. मग आलेल्या प्रत्येकाच्या कानाला वायरलेस हेडफोन. एकाच वेळी दोन-तीन डीजे वाजवतात, हेडफोनवरचं बटण दाबून हवा तो ऐकायचा. मैदानात शेकडो माणसं उड्या मारत असतात, पण बाहेर उभ्या असलेल्याला फक्त समुद्राचा आणि पायांचा आवाज येतो.