विश्लेषण : पूर्व मुक्त मार्ग ठाण्यापर्यंत… कोंडी फुटणार की पुढे सरकणार?

दक्षिण मुंबईला पूर्व उपनगरांशी जोडणारा पूर्व मुक्त मार्ग आता दोन्ही टोकांनी वाढतो आहे. उत्तरेला ठाण्याच्या आनंदनगरपर्यंत उन्नत रस्ता आणि दक्षिणेला मरिन ड्राइव्हपर्यंत बोगदा. रोज या मार्गाने ये-जा करणाऱ्यांच्या पदरात यातून काय पडेल, याचा आढावा.

मुक्त मार्ग कधी आणि कसा झाला?

मुंबईत मुक्त मार्ग हवेत, ही सूचना जुनी आहे. विल्बर स्मिथ या सल्लागार संस्थेने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच तसे सुचवले होते. प्रत्यक्ष रस्ता सुरू व्हायला २०१३ साल उजाडले. ‘एमएमआरडीए’ने बांधलेल्या या सुमारे १७ किमी मार्गाचा पी. डि’मेलो रस्ता ते पांजरपोळ हा टप्पा १३ जून २०१३ रोजी खुला झाला. घाटकोपरकडचा उरलेला भाग त्यानंतर वर्षभराने आला. तिथे झोपड्यांच्या पुनर्वसनाने वेळ खाल्ला. बंदराची जमीन, वडाळ्याची मिठागरे, चेंबूरचे तेलशुद्धीकरण कारखाने यांच्या कडेने जाणाऱ्या या मार्गावर सिग्नल नाही आणि पथकरही नाही. शीव-दादरच्या रखडपट्टीला कंटाळलेल्या मोटारचालकांना तो लगेच आवडला, यात नवल नाही.

मग अडते कुठे?

टोकांना. सकाळी मुक्त मार्गावरून भरधाव आलेली वाहने ऑरेंज गेटला उतरतात आणि पी. डि’मेलो रस्त्यावर खोळंबतात. संध्याकाळी तोच प्रकार घाटकोपरला, पूर्व द्रुतगती महामार्गात मिसळताना. छेडानगरला नवे उड्डाणपूल झाले, चौकातील ताण हलका झाला; पण पुढे विक्रोळी, भांडुप, मुलुंडची गर्दी तशीच राहिली. त्यात जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. शिवडीला तो मुक्त मार्गाशी जोडलेला असल्याने नवी मुंबईकडची वाहनेही याच रस्त्यावर आली.

विस्तार नेमका काय?

छेडानगर ते आनंदनगर असा सुमारे १३ किमीचा, सहा मार्गिकांचा उन्नत रस्ता पूर्व द्रुतगती महामार्गावर उभारला जात आहे. खर्च अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक. या कामात घाटकोपर-विक्रोळी पट्ट्यातील गुलाबी फुलांच्या तबेबुया वृक्षांवर कुऱ्हाड येणार म्हणून रहिवाशांनी आवाज उठवला. अखेर आराखडा बदलून १२७ झाडे वाचवत असल्याचे एमएमआरडीएने २०२५ मध्ये जाहीर केले. लोकांनी वेळीच विचारले तर आराखडे बदलतात, ते असे.

दक्षिणेकडे ऑरेंज गेट ते मरिन ड्राइव्ह हा सुमारे नऊ किमीचा प्रकल्प आहे. त्याचा बराचसा भाग जुळ्या बोगद्यांचा. तो सागरी किनारा मार्गाला जोडला जाईल. दाट वस्ती, जुन्या इमारती आणि दोन्ही रेल्वेमार्गांच्या खालून खोदकाम करायचे असल्याने हे काम जास्त अवघड.

रस्ता वाढवला की कोंडी कमी होते?

काही काळ होते. अमेरिकेतील ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हे याबाबत नेहमी दिले जाणारे उदाहरण. सुमारे २८० कोटी डॉलर खर्चून २००८ पर्यंत तो रुंद करण्यात आला. सेवा रस्ते धरून काही ठिकाणी २६ मार्गिका झाल्या. तरीही २०११ ते २०१४ दरम्यान संध्याकाळच्या गर्दीत प्रवासाचा वेळ ५५ टक्क्यांनी वाढला. रस्ता मोकळा दिसला की एरवी रेल्वेने जाणारा मोटार काढतो, लांबचे घर घेणे परवडते वाटू लागते. वाहतूक तज्ज्ञ याला प्रेरित मागणी म्हणतात. मुंबई म्हणजे ह्यूस्टन नव्हे. इथे बहुतेकांचा भरवसा अजून लोकलवर आहे. पण खर्चाचा लाभ कोणाला, हा प्रश्न उरतोच. याच दिशेच्या कुर्ला-सीएसएमटी पाचव्या-सहाव्या रेल्वे मार्गिकेला २००८ मध्ये मंजुरी मिळाली होती. ती अजून पूर्ण झालेली नाही. वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ चेही काम लांबले आहे.

ठाणेकरांचे काय?

आनंदनगरला उतरलेली वाहने पुढे कोपरी, तीन हात नाक्याच्या गर्दीतच शिरतील. त्यासाठी आनंदनगर ते साकेत असा सुमारे आठ किमीचा आणखी एक उन्नत रस्ता आखला आहे. हे दोन्ही रस्ते एकाच वेळी पूर्ण झाले नाहीत, तर आज घाटकोपरला लागणारी रांग आनंदनगरला लागेल. आणि उन्नत रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका ठेवणार का, हे ठरवण्याची वेळ खांब उभे राहत असतानाचीच आहे.