बरोबरीत सुटलेला डाव : हॅम्पे विरुद्ध माइटनर, व्हिएन्ना, १८७२

आंतरमहाविद्यालयीन बुद्धिबळ स्पर्धांत बरोबरी म्हणजे अर्धा गुण आणि बहुतेकांच्या लेखी अनिर्णय. कोणी धोका पत्करला नाही म्हणून डाव सुटला, असा तिचा अर्थ लावला जातो. हा अर्थ किती अपुरा आहे, हे एका डावाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कार्ल हॅम्पे हे व्हिएन्नातील शासकीय अधिकारी, तर फिलिप माइटनर हे वकील. दोघेही हौशी खेळाडू. (अणुकेंद्राच्या विखंडनाचा अर्थ १९३९ मध्ये उलगडून दाखविणाऱ्या लिझे माइटनर या फिलिप यांच्याच कन्या होत.)

डावाची सुरुवात ‘व्हिएन्ना प्रारंभा’ची आहे. दोन्ही राजांपुढील प्यादी दोन घरे सरकल्यावर पांढरा खेळाडू वजिराच्या बाजूचा घोडा सी३ वर आणतो. राजाच्या उंटापुढील प्यादे मोकळे राहून एफ४ ही चाल खेळता यावी, हा त्यामागील विचार होय. माइटनर यांनी उंट सी५ वर आणताच हॅम्पे यांनी तोच घोडा ए४ वर नेला. एकच मोहरे दोनदा हलले, तेही पटाच्या कडेला. ही चाल प्रारंभाच्या तत्त्वांशी विसंगत आहे आणि पुढील सर्व नाट्य तिच्यातूनच घडते.

काळ्याने एफ२ वर उंटाचा बळी दिला व वजिराने एच४ वरून शह दिला. जी३ खेळून शह अडवावा, तर वजीर ई४ चे प्यादे मारून घोडा व हत्ती या दोहोंवर रोख धरतो. म्हणून राजा पुढे निघाला. नवव्या चालीला माइटनर यांनी वजीरही दिला. बाराव्या चालीस पांढरा राजा सी५ वर पोहोचला होता!

सोळाव्या चालीनंतरची स्थिती विशेष अभ्यसनीय आहे. पांढऱ्याकडे वजीर, दोन हत्ती, उंट, घोडा व सहा प्यादी. काळ्याकडे दोन हत्ती, एक उंट व आठ प्यादी. मात्र पांढऱ्याची ही पाचही मोहरी मूळ घरांतून एकदाही हललेली नाहीत. सी६ वरील राजाला उंट बी७ वरून शह देतो. राजाने उंट मारला, तर काळा राजा डी७ व पुढे डी६ वर येतो आणि हत्ती बी८ वर येऊन होणारी मात टळत नाही. राजा बी५ वर गेला, तर ए६ वरून पुन्हा शह. तेथून ए४ वर पळाल्यास उंट सी४ वर येऊन प्याद्याने मात होते. उलटपक्षी, काळ्याने शह थांबविले, तर पांढऱ्याचे अतिरिक्त बळ निर्णायक ठरते. अठराव्या चालीस तीच स्थिती पुन्हा आली व डाव बरोबरीत सोडण्यात आला.