द्रविड कुठल्या सिनेमात शोभेल?

एप्रिल 2021 मध्ये आयपीएलच्या दिवसांत एक जाहिरात झळकली आणि बेंगळुरूच्या इंदिरानगरला रातोरात एक ‘दादा’ मिळाला. ट्रॅफिकमध्ये अडकलेला राहुल द्रविड गाडीतून ओरडतोय, शेजारच्या गाडीचा आरसा बॅटने फोडतोय आणि सनरूफमधून उभा राहून आपण इंदिरानगरचे गुंड असल्याची द्वाही फिरवतोय. राहुलभाईंचं हे रूप आपणही कधी पाहिलं नव्हतं, असं विराट कोहलीने ट्विट केलं. इंदूरला जन्मलेल्या, बेंगळुरूत वाढलेल्या या मराठी घरातल्या मुलाचा आवाज मैदानावर क्वचितच चढला होता, म्हणून तर ती गंमत जमली.

खेळाडूंना सिनेमांशी जोडायचा खेळ आपल्याकडे कट्ट्याकट्ट्यावर चालतो, पण तो बहुतेक वेळा टोपणनावापाशीच अडतो. द्रविड म्हणजे ‘द वॉल’, म्हणून त्याचा सिनेमा ‘दीवार’! आता ‘दीवार’मधला विजय रागीट, धुमसता, गोदीत एकटा दहा जणांना लोळवणारा. द्रविड त्या रागाने खेळला असता तर दुसऱ्याच षटकात स्लिपमध्ये झेल देऊन परतला असता. जोडी जुळवायची तर नावाकडे बघून भागत नाही. सिनेमाची गती काय, नायक जिंकतो कशाच्या बळावर आणि त्यापायी काय सोसतो, हे बघावं लागतं.

तसं पाहिलं तर द्रविडचा सिनेमा ‘सामना’. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला आणि 1975 मध्ये बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेलेला. निळू फुल्यांचा हिंदुराव म्हणजे सत्ता, पैसा, माणसं सगळं हाताशी असलेला साखरसम्राट. समोर डॉ. श्रीराम लागूंचा फाटका मास्तर, ज्याच्याकडे एका प्रश्नापलीकडे काहीच नाही. मारुती कांबळेचं काय झालं, एवढंच तो विचारत राहतो. डिसेंबर 2003 मध्ये अॅडलेडला ऑस्ट्रेलियाने 556 धावा केल्या आणि भारताची अवस्था 4 बाद 85 झाली. तिथून द्रविड-लक्ष्मण यांनी 303 धावा जोडल्या. द्रविड जवळपास दहा तास उभा राहिला, 233 करून गेला, आणि दुसऱ्या डावात नाबाद 72 करून सामना जिंकूनच परतला. प्रत्येक चेंडूला तोच शांत प्रश्न: अजून काही आहे का तुमच्याकडे? पुढच्या वर्षी रावळपिंडीत तर त्याने 270 धावांसाठी 12 तास 20 मिनिटं घेतली. तेवढ्या वेळात ‘शोले’ तीनदा पाहून वर जेवणही उरकता येतं. कारकिर्दीत तो 31,258 चेंडू खेळला. कसोटीत इतके चेंडू दुसऱ्या कुणीही खेळलेले नाहीत.

‘शोले’वर मात्र बेंगळुरूचा हक्कच आहे. रामगड उभं राहिलं ते इथून म्हैसूरच्या रस्त्यावर सुमारे 50 किलोमीटरवर, रामनगरच्या खडकांत. 15 ऑगस्ट 1975 ला सिनेमा लागला तेव्हा पहिले काही दिवस तो पडल्याचीच हाकाटी होती. मग मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. हीच गोष्ट फेब्रुवारी 1999 मध्ये दिल्लीच्या कोटला मैदानावर घडली. 420 धावांचा पाठलाग करणारा पाकिस्तान उपाहाराला बिनबाद 101. मग अनिल कुंबळेने टोक बदललं आणि 74 धावांत दहाच्या दहा बळी घेतले. नऊ झाल्यावर जवागल श्रीनाथ मुद्दाम यष्ट्यांपासून लांब चेंडू टाकत राहिला, दहावा कुंबळेलाच मिळावा म्हणून. दोन्ही बाजू सारख्या असलेलं नाणं उडवून दोस्ताला वाचवणारा जय याहून वेगळं काय करतो? श्रीनाथ म्हैसूरचा, कुंबळे बेंगळुरूचा. या दोन गावांच्या दरम्यान रामगड.

बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर सलीम-जावेदला शोभेल असा प्रसंगही घडून गेला. 9 मार्च 1996, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी. पाकिस्तानच्या आमिर सोहेलने वेंकटेश प्रसादला चौकार मारून बॅटने सीमारेषा दाखवली. पुढच्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. संवाद सोहेलचा, टाळ्या प्रसादला.

याच मैदानावर मुंबईकरांनीही एक विनोदी सिनेमा रंगवला. 1981-82 च्या रणजी उपांत्य सामन्यात डावखुरा फिरकीपटू रघुराम भट मुंबईला नाचवत होता. वळणारा चेंडू उजव्या बॅटपासून दूर जातोय म्हटल्यावर सुनील गावसकर भटसमोर चक्क डावखुरा उभा राहिला आणि इतरांसमोर पुन्हा उजवा. नाबाद 18. पुढे 1988 मध्ये ‘अशी ही बनवाबनवी’त सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी साड्या नेसल्या त्या डोक्यावरचं छप्पर टिकवायला; गावसकरने सोंग घेतलं ते विकेट टिकवायला. सामना मात्र पहिल्या डावातील आघाडीवर कर्नाटकाने नेला.

गावसकरचा मेहुणा गुंडप्पा विश्वनाथ हृषीकेश मुखर्जींच्या सिनेमातला. जानेवारी 1975 मध्ये ‘दीवार’चा संतप्त तरुण पडद्यावर येत होता, त्याच महिन्यात चेपॉकवर अँडी रॉबर्ट्ससमोर भारताच्या 190 पैकी नाबाद 97 विश्वनाथच्या, आणि त्याही मनगटी नजाकतीने. 1980 च्या मुंबई कसोटीत तो कर्णधार होता. बाद दिलेल्या बॉब टेलरला त्याने परत बोलावलं. टेलर-बोथम जोडीने सामना फिरवला आणि भारत हरला. खलनायकच नसलेल्या गोष्टी हृषिदांनीच सांगाव्यात.

खेळाडू खरोखर पडद्यावर गेले तेव्हा मात्र अशी अचूक निवड झाली नाही. ‘कभी अजनबी थे’ या 1985 च्या सिनेमात संदीप पाटील नायक आणि बेंगळुरूकर सय्यद किरमाणी चक्क खलनायक! यष्टींमागे उभं राहून सगळ्यांना धीर देणाऱ्या माणसाच्या वाट्याला कारस्थानं आली. 2021 च्या ‘83’मध्ये निवड सुधारली. संदीप पाटीलची भूमिका त्याचाच मुलगा चिराग याने केली. बेंगळुरूचाच रॉजर बिन्नी त्यातही अनेकांमधला एक राहिला, जरी 1983 च्या विश्वचषकात सर्वाधिक म्हणजे 18 बळी त्याचे होते. त्याची जोडी एखाद्या नटाशी लावण्यापेक्षा राम येडेकरांशी लावावी: रामनगरच्या माळावर अख्खं रामगड उभं करणारे ‘शोले’चे कलादिग्दर्शक.