अपस्मार : मोजमाप झटक्यांचे आणि जीवनाचे

अपस्मार, म्हणजेच लोकभाषेतील फेफरे किंवा फीट, हा मेंदूचा विकार आहे. दैवी कोप वा बाधा नव्हे. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे. योग्य निदान व उपचार झाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले आहे. तथापि, केवळ झटक्यांच्या संख्येवरून रुग्णाच्या अडचणींची पूर्ण कल्पना येत नाही.

सोलापूरचे उदाहरण घेता येईल. यंत्रमागावरील कामगाराला वर्षातून एकच झटका आला, तरी चालत्या मागाजवळ तो जिवावर बेतू शकतो. रोजगार जाईल या धास्तीने तो आजार लपवितो. घरी विड्या वळणाऱ्या तरुणीला मागाचा धोका नसतो. परंतु चूल आणि विहीर यांची भीती असते, शिवाय विवाहाची चिंताही असते. झटके सारखेच, परिणाम मात्र भिन्न.

मोजणी कशी होते?

या परिणामांच्या मोजणीसाठी अमेरिकेत ३१ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. झटक्याची धास्ती, मनःस्थिती, उत्साह व थकवा, स्मरणशक्ती व एकाग्रता, औषधांचे परिणाम, सामाजिक व्यवहार आणि एकंदर जीवनमान अशी तिची ७ अंगे आहेत. उत्तरांवरून ० ते १०० गुण दिले जातात. गुण जितके अधिक, तितके जीवनमान चांगले. उपचारापूर्वी व नंतर ही मोजणी केल्यास झटके थांबूनही रुग्ण शाळेत वा कामावर का परतला नाही, याचा उलगडा होऊ शकतो.

या प्रश्नावलीत वाहन चालविण्याविषयी प्रश्न आहे. ज्याने कधी वाहन चालविलेच नाही, त्याच्यापुरता तो निरर्थक ठरतो. म्हणून प्रश्नांचे केवळ भाषांतर पुरेसे नाही. माग, चूल, विहीर, शेत आणि शाळा यांविषयीही विचारणे आवश्यक आहे.

समाजाचे कर्तव्य

वारंवार येणारा अपस्मार पूर्वी हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांनुसार विवाहातील अडसर मानला जाई. १९९९ च्या दुरुस्तीने ही तरतूद वगळण्यात आली. कायदा बदलला, आता दृष्टी बदलावयास हवी. शिक्षकांनी अशा मुलास वर्गाबाहेर ठेवू नये. झटका आल्यास त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये. झटका ५ मिनिटांहून अधिक लांबल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे. पंचायत सदस्यांनी रुग्णास मांत्रिकाऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय औषध बंद होणार नाही, याकडे लक्ष द्यावे. रुग्ण पुन्हा कामावर, शाळेत आणि चारचौघांत निर्भयपणे वावरू लागणे, हीच उपचाराच्या यशाची खरी मोजपट्टी होय.