गणितात पुढे असलेले मूल ओळखावे कसे?

मोजमापाच्या बाबतीत कामगार माणूस सावध असतो. काट्यावर कोण उभा आहे, वजने कोणाची आहेत आणि नोंद कोण करतो, हे पाहिल्यावाचून तो आकड्यावर विश्वास ठेवीत नाही. तोच सावधपणा बरोबर घेऊन आज आपण शाळेतल्या एका मोजमापाचा विचार करू. प्राथमिक शाळेतली काही मुले गणितात वर्गाच्या बरीच पुढे असतात. ती किती पुढे आहेत हे कसे मोजावे आणि मोजल्यावर त्यांना कोठे बसवावे, हा तो प्रश्न होय. अमेरिकेत यावर पन्नास वर्षांहून अधिक काळ काम चालू आहे, म्हणून उदाहरणे तिकडचीच घेऊ.

तिसरीच्या मुलांना तिसरीचाच पेपर दिला आणि दोघांना शंभरपैकी शंभर मिळाले, तर ते दोघे सारखे ठरतात काय? एकाला तिसरीचे गणित नुकतेच पुरते आले असेल. दुसरा अपूर्णांक, दशांश ओलांडून बीजगणिताच्या दारात उभा असेल. दहा किलोपर्यंतच खुणा असलेल्या ताणकाट्याला अकरा किलोचे पोते टांगा की चाळीस किलोचे, काटा दहावरच अडणार. यात दोष पोत्याचा नव्हे, काट्याचा आहे.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ साली गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी असलेली सॅट परीक्षा त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना दिली. वर्गाच्या परीक्षेत जी मुले एका रांगेत दिसत होती, ती या मोठ्या काट्यावर दूरदूर पांगली. पुढे हेच तत्त्व लहान मुलांनाही लागू झाले : जो आपल्या इयत्तेच्या परीक्षेत माथ्याला टेकला, त्याला वरच्या इयत्तेची परीक्षा द्यावी. आता तर संगणकावरच्या काही परीक्षा उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड विचारतात, चुकले की सोपा. मुलाची खरी पातळी त्यातून सापडते.

मोजल्यावर बसवायचे कोठे? ऑस्ट्रेलियातील टेरेन्स टाओ याला आठव्या वर्षी सॅटच्या गणितात ८०० पैकी ७६० गुण मिळाले होते. म्हणून त्याला सरसकट वर ढकलले नाही. ज्या विषयात जेवढी तयारी, त्या विषयाला तेवढ्या वरच्या वर्गात तो बसे. हाच टाओ २००६ साली फील्ड्स पदकाचा मानकरी झाला. असा मुलगा विरळा हे खरे; पण गणिताच्या तासाला वरच्या वर्गात जाऊन बसण्याची सोय साध्या हुशार मुलालाही करता येते.

आता खरा मुद्दा येतो. काटा चांगला असला, तरी त्यावर कोणाला चढू द्यायचे हे कोण ठरवतो? गिरण्यांत जॉबरच्या शब्दावर भरती होत असे, त्या काळच्या हकिकती आम्ही जुन्या कामगारांकडून ऐकल्या आहेत. जॉबर दुष्टच असे असे नव्हे. पण त्याची नजर आधी ओळखीच्या माणसावर जाई. फ्लॉरिडातील ब्रोवर्ड काउंटीत विशेष वर्गासाठी मुले निवडताना असेच घडत होते. शिक्षकांनी किंवा पालकांनी नाव सुचवावे, मग त्या मुलाची बुद्धिमापन चाचणी व्हावी, अशी रीत होती. ऐपत असलेले पालक खाजगी मानसशास्त्रज्ञाकडून चाचणी करवून घेत. २००५ साली तेथे दुसरीच्या सर्वच मुलांची प्राथमिक चाचणी सुरू झाली. ही चाचणी नुसत्या गणिताची नव्हती, एकूण बुद्धीची होती; पण धडा तोच. पात्रतेची पट्टी तसूभरही खाली आणली नाही, तरी निवडल्या गेलेल्या गरीब मुलांचे प्रमाण १८० टक्क्यांनी वाढले. ही मुले आधीही तेथेच होती. त्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते एवढेच. पुढे २०१० साली खर्चकपातीत ही सार्वत्रिक चाचणी बंद पडली आणि जुनी तफावत परत आली. कपातीची कुऱ्हाड कोणावर पडते, हे आम्हां युनियनवाल्यांना वेगळे सांगायला नको.

नॉर्थ कॅरोलिना राज्याने २०१८ साली याहून पुढचे पाऊल टाकले. राज्याच्या वार्षिक गणित परीक्षेत जो सर्वांत वरच्या श्रेणीत येईल, त्याला पुढच्या वर्षी प्रगत गणित मिळालेच पाहिजे, असा कायदा झाला. एकदा प्रगत वर्गात घातलेल्या मुलाला पालकांच्या लेखी संमतीवाचून तेथून काढता येत नाही. मेहेरबानीची जागा हक्काने घेतली, ती अशी.

कोणी विचारील, मुलांची अशी प्रतवारी ही विषमताच नव्हे काय? प्रतवारी कायमची झाली, तर होय. कोणतीही परीक्षा एकेका गुणापर्यंत अचूक नसते. चौऱ्याण्णववाला मागे आणि पंचाण्णववाला पुढे, ही रेघ सोयीची आहे, सत्याची नव्हे. म्हणून दार दरवर्षी पुन्हा उघडावे, परीक्षेबरोबर मुलाचे रोजचे कामही पाहावे, आणि भरभर आकडेमोड म्हणजेच गणिताची समज असे मानू नये. पण समतेच्या नावाखाली येणारे गणितच वर्षभर पुन्हा गिरवायला लावणे, हाही अन्यायच. त्याची झळ गरिबाच्या मुलाला अधिक लागते, कारण श्रीमंताचे मूल शिकवणीत पुढचे शिकून घेते.

आपल्याकडेही शिष्यवृत्ती परीक्षेत हुशार मूल सापडते. त्याला शिष्यवृत्ती मिळते, सत्कार होतो, आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच बाकावर, त्याच धड्यावर बसते. तेव्हा शाळेला विचारायचे प्रश्न तीन : परीक्षा सर्वांची होते काय? तिचा काटा पुरेसा मोठा आहे काय? आणि निकाल लागल्यावर मुलाच्या पाटीवरचे गणित बदलते काय? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्या दोहोंचा खटाटोप वाया गेला.