दहीपुलाखालची सरस्वती

नाशिकच्या दहीपुलावर उभं राहिलं तर पूल काही दिसत नाही. दुकानं, दुचाक्या आणि सराफ बाजाराकडे उतरत जाणारी गर्दी, एवढंच. खालची सरस्वती रस्त्याच्या पोटात गेली आहे. जुनं नाशिक टेकड्यांवर वसलेलं. तिथलं पावसाचं पाणी घेऊन ती गोदावरीला मिळते. वस्ती दाटत गेली तशी ती झाकली गेली, आणि आता सगळे तिला सरस्वती नाला म्हणतात. पंचवटीतल्या अरुणेचंही तेच झालं. रामशेजकडून येणारी ही नदी शहरात दिसेनाशी होते आणि रामकुंडाशी गोमुखातून बाहेर पडते. वरुणा, म्हणजे वाघाडी, तेवढी अजून उघडी वाहते.

असे नाले आत उतरून पाहावेत असं कुणालाही वाटेल, पण उतरू नये. सांडपाणी मिसळलेल्या बंद नाल्यात हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वासच कळेनासा होतो आणि माणूस तिथल्या तिथे कोसळतो. संरक्षक साधनांशिवाय कुणालाही गटारात उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरी देशभर सफाई कामगार अजून असेच मरतात. शहराच्या स्वच्छतेची ही किंमत कुणाकडूनही घेतली जाऊ नये.

सरस्वतीचा माग वरूनच काढावा, उतार बघत. दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार, मग गोदाकाठ. जोराची सर आली की पाणी नेमकी हीच वाट धरतं. सराफ बाजारातला गाळही साधा नसतो. पेढीवर कानस चालते, सोन्याचे कण उडतात, झाडलोटीबरोबर गटारात जातात. झारेकरी तो गाळ घमेल्यात घेऊन पाण्यात हलक्या हाताने गोल फिरवतात. माती वाहून जाते, जड कण तळाला राहतात.

पावसात पाणी तुंबतं, त्यामागची खरी अडचण नाल्याच्या तोंडाशी आहे. गोदावरीला पूर आला की तिची पातळी नाल्याच्या तोंडावर चढते. नाल्याचं पाणी बाहेर पडू शकत नाही, नदीचंच पाणी उलटं आत शिरतं आणि चेंबरची झाकणं उचलली जातात. नदीची ही पातळी नाशिककर गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात: गुडघे, कंबर, गळा. 2 ऑगस्ट 2016 ला मारुती बुडाला, बाजारपेठेत पाणी शिरलं. अशा दिवशी नुसती नालेसफाई पुरत नाही. बाहेर पडायची वाटच बंद असते.

मुंबईत हेच काम समुद्राची भरती करते. 26 जुलै 2005 च्या प्रलयानंतर तिथे हाजी अली, ईर्ला अशा ठिकाणी पंपिंग स्टेशनं उभी राहिली. भरतीच्या वेळी दरवाजे बंद करून पाणी उपसून समुद्रात टाकायचं, ही त्यामागची रीत. सरस्वतीच्या मुखाशीही दरवाजा आणि पंप लागतील, असं मला ठामपणे वाटतं. जागा अवघड आहे, कारण हाच काठ सिंहस्थाच्या गर्दीचा. पण 2026-27 च्या सिंहस्थासाठी गोदाकाठी कामं निघालीच आहेत, तर या मुखाचा आराखडाही त्यांच्यासोबतच व्हायला हवा.