मोठ्या एजंटच्या हाताखाली आहे, मग नंबर कशाला?

आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगूतला एखादा तरुण शेतीला जोड म्हणून प्लॉट विकून द्यायला निघाला, की त्याला सल्ला मिळतो : मोठ्या एजंटच्या हाताखाली जा, त्याच्या लायसनवर तुझं काम चालेल. अमेरिकेत असं चालतं. टेक्ससमध्ये १८० तासांचं शिक्षण आणि परीक्षा झाल्यावरही परवानाधारक ब्रोकर पाठीशी उभा राहीपर्यंत नव्या विक्रेत्याला काम करता येत नाही, आणि त्याच्या व्यवहारांची जबाबदारी त्या ब्रोकरवर येते. आपल्या २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्यात अशी पाठराखणीची सोयच नाही. नोंदणी झालेल्या फर्मचा पगारी माणूस फर्मच्या वतीने काम करतो. स्वतःच्या कमिशनवर फिरणाऱ्याला ती सावली मिळत नाही.

‘मी तर फक्त गाठ घालून दिली’ हा बचावही टिकत नाही. मोबदला घेऊन खरेदीदार-विक्रेत्याची ओळख करून देणाराही कायद्याच्या व्याख्येत एजंटच आहे. दलाल, मध्यस्थ, काहीही म्हणा. रेरात नोंदलेल्या वेंचरमधला (प्लॉटच्या प्रकल्पातला) प्लॉट बिल्डरतर्फे विकायचा तर आधी स्वतःची नोंदणी हवी आणि प्रत्येक व्यवहारात तो नंबर लिहायला हवा. नाहीतर रोज दहा हजार रुपये दंड, तो वाढत मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जातो. हा दंड एजंटला भरावा लागतो, म्हणून नव्या मुलाला ‘बिनधास्त विक’ म्हणणाऱ्याचा मला राग येतो. ज्या वेंचरला नोंदणी लागते पण झालेली नाही, तिथले प्लॉट तर नोंदणीकृत एजंटनेही विकायचे नाहीत.

महाराष्ट्रातल्या किनवटच्या पाहुण्याकडे महारेराचा नंबर असला तरी तो तेलंगणातल्या आदिलाबादेत चालत नाही. नोंदणी त्या त्या राज्यापुरतीच असते.

आमच्या जिल्ह्यात याहून मोठा धोका जमिनीचाच आहे. आदिलाबादचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९५९ चा जमीन हस्तांतरण विनियम आणि त्यातली १९७० ची दुरुस्ती यांमुळे तिथली जमीन विक्रीने बिगर-आदिवासीच्या नावावर जाऊ शकत नाही. विकणारा स्वतः बिगर-आदिवासी असला तरी नाही. तसा व्यवहार मुळातच रद्दबातल असतो. एजंटकडे रेराचा नंबर असला तरी तो व्यवहार वाचत नाही, आणि घेणाऱ्याचे पैसे अडकतात. टोकन घेण्याआधी गाव अनुसूचित क्षेत्रात येतं का, हे सर्वे नंबर घेऊन तहसील कार्यालयात विचारून यावं.